पडलेल्या उमेदवाराचा नमस्कार

प्यो जे-उक वकील झाला तेव्हा दाल्पो बंदरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तो परत आला तेव्हा. सोलला गेलेलं पोर सणाला येतं, बापाच्या थडग्यावरचं गवत कापतं आणि दोन दिवस राहून जातं. बिऱ्हाड घेऊन कायमचं परत येत नाही. तिकडे काहीतरी भानगड झाली असणार, असं लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं. भानगड वगैरे काही नव्हती. सोलच्या एका बड्या कचेरीत तो वर्षानुवर्षं कंपन्यांचे करार वाचत बसायचा, आणि एके दिवशी त्याला त्याचा मनापासून वीट आला, एवढंच. बायको यन-जु औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं फक्त विचारलं, "तिकडे आपलं स्वतःचं दुकान चालेल का?" चालेल म्हटल्यावर तिनं सामान बांधायला घेतलं.

बंदरावर जाळी विकणाऱ्याच्या दुकानाच्या वर जे-उकनं कचेरी थाटली. खिडकीतून माकुलांच्या बोटी दिसायच्या आणि उन्हाच्या दिवसांत काठ्यांवर वाळत घातलेल्या माकुलांचा वास थेट टेबलापर्यंत यायचा. कामं साधीच: बांधावरून भांडलेले भाऊ, दारू पिऊन गाडी चालवलेले जावई, फारकत मागणारी जोडपी, ज्यांतली निम्मी कचेरीच्या जिन्यातच समेट करून घरी जायची. जे-उक लाजाळू माणूस. कचेरीबाहेर चार लोकांत उभं राहायचं म्हटलं की त्याचे हात खिशात जायचे नि नजर बुटांवर. कोर्टात मात्र तोच माणूस शांत, स्वच्छ बोलायचा. यन-जु म्हणायची, "तुम्हाला काळा कोट घातल्याशिवाय तोंड फुटत नाही."

एका हिवाळी दुपारी रबरी बूट घातलेली एक बाई जिना चढून आली. ती बे बुन-ओक. बाजारात लेप मासा भात आणि लाल तिखटात आंबवून विकायची. उत्तर-दक्षिणेच्या युद्धात अगदी लहानपणी आईच्या पाठीला बांधून उत्तरेकडून आलेली. तिला सगळं बंदर मावशी म्हणायचं. तिनं बूट दाराशी काढले, खुर्चीवर बसली आणि आधी खोलीभर नजर फिरवली.

"वकीलसाहेब, मेलेल्या माणसाचा खटला चालवता येतो का?" तिनं विचारलं.

मग तिनं जे सांगितलं ते दाल्पोत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नसे. चाळीसेक वर्षांपूर्वी तिचा नवरा हाक-चल माकुलांच्या बोटीवर खलाशी होता. दाट धुकं पडलं, इंजिन बंद पडलं, बोट वाहत सीमेपलीकडं गेली आणि उत्तरेच्या गस्ती नौकेनं दोर टाकून ओढत नेली. वर्षभर सगळे खलाशी तिकडे अडकले. सोडून दिले तेव्हा बायकापोरं धक्क्यावर उभी होती. पण बोटीवरून उतरलेल्या माणसांना घरी कुणी जाऊच दिलं नाही. बंदरावरच्या एका खाणावळीच्या वरच्या मजल्यावर त्यांना कोंडलं आणि हेर असल्याचं कबूल करेपर्यंत मारलं. हाक-चलनं कबूल केलं. तुरुंग भोगून आला तो वाकलेलाच आला. पुढं दारूनं गेला. मुलाला चांगल्या बोटीवर कुणी घेतलं नाही, हेराचा पोरगा म्हणून; तो दूर दक्षिणेला निघून गेला आणि सणाला फोन करतो.

"मला दुसरं काही नको," मावशी म्हणाली. "त्यांच्या नावापुढं तो शब्द चिकटलाय ना, तेवढा काढा."

जे-उकनं खरं ते सांगितलं, की असली कामं त्यानं कधी केलेली नाहीत.

"मी तरी कुठं केलीत?" मावशी म्हणाली. "दोघं मिळून शिकू."

शिकायला पुष्कळ वर्षं लागली. पहिला अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या वेळी कोर्टानं विचारलं, की त्या खाणावळीत माणसं डांबली होती हे म्हणणारं कुणी आहे का? खलाशांपैकी जे जिवंत होते ते तोंड उघडायला तयार नव्हते. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? जे-उक त्यांच्या घरी जायचा, ते चहा पाजायचे, हवामानाबद्दल बोलायचे आणि निघताना म्हणायचे, वकीलसाहेब, पुन्हा येऊ नका.

शेवटी सापडली ती खाणावळवाल्याची मुलगी. सुक-जा तिचं नाव. आता स्वतः आजी झालेली आणि डोंगराच्या वाटेवर कुट्टूच्या शेवयांचं हॉटेल चालवणारी. जे-उक तिथं नेहमी जेवायचा, पण ती कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, एके दिवशी तीच वाडगा ठेवता ठेवता म्हणाली, "तुम्ही आमच्या खाणावळीबद्दल विचारत फिरताय म्हणे." लहानपणी तीच वरच्या मजल्यावर पाण्याच्या बादल्या नेऊन दाराबाहेर ठेवायची. संपूर्ण हिवाळा नेल्या होत्या. काय ऐकलं तेही तिला आठवत होतं. कोर्टात याल का विचारल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं कुणी बोलावलं नाही, म्हणून आले नाही."

ती आली, आणि तिनं सांगितलं. मग मात्र खलाशांच्या बायकांनाही धीर आला. आपला माणूस कसा गेला होता नि कसा परत आला, हे एकेकीनं उभं राहून सांगितलं. निकालाच्या दिवशी न्यायाधीश, वयानं तरुणच बाई, हाक-चल निर्दोष असल्याचं वाचून झाल्यावर उठून उभी राहिली. जे काम तेव्हा कोर्टानं करायला हवं होतं ते केलं नाही, असं म्हणून ती बुन-ओक मावशीसमोर वाकली.

मावशी रडली नाही. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिनं जे-उकला विचारलं, "हे त्यांना कोण सांगणार?"

तसेच ते दोघं टेकडीवर हाक-चलच्या थडग्याकडं गेले. मावशीनं रिवाजाप्रमाणं थडग्यावर दारू ओतली, खाली बसली आणि नवऱ्याला रागावल्यासारख्या आवाजात म्हणाली, "ऐकलंत का? तुम्ही कुणी हेरबीर नव्हतात. मी हे आधीपासून म्हणत होते, पण आता सरकार म्हणतंय. आता तरी सरळ झोपा." जे-उक थोडा लांब उभा होता. त्याला वाटलं, आयुष्यात वकील झालो ते आजच्यापुरतं जरी झालो असलो तरी पुरे.

पण पुरे झालं नाही. बातमी किनाऱ्यानं वर-खाली पसरली आणि जाळ्यांच्या दुकानाचा जिना कधी रिकामा राहीना. तशा बोटी पुष्कळ होत्या, खलाशी शेकड्यांनी. प्रत्येकाचा खटला वेगळा, प्रत्येकाला वेगळा पुरावा, आणि अर्ज करायचा तर बायको नाहीतर रक्ताचं माणूस हवं. ज्याच्या मागे कुणी उरलंच नाही त्याचं काय? कायद्यात त्याला जागा नव्हती. जे-उकनं आणखी काही खटले जिंकले, काही हरला. दोन म्हातारे तारखांची वाट पाहता पाहता गेले.

दुसऱ्या म्हाताऱ्याच्या मयताला, आलेल्यांना वाढतात ते लाल तिखटाचं सूप पिता पिता, मावशी त्याला म्हणाली, "वकीलबुवा, एकेक मासा हातानं धरून जहाज भरायचं म्हणताय तुम्ही. आम्ही मरू, आणि तुम्ही म्हातारे व्हाल. कायदाच बदलायला लागेल."

"कायदा वकील बदलत नाहीत, मावशी. संसद बदलते."

"मग तिकडं जा की. मी काय तुम्हाला चंद्रावर जा म्हणतेय?"

तो हसला. घरी येऊन यन-जुला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला दोन माणसांपुढं गाणं म्हणता येत नाही. निवडणुकीत तर चौकात नाचायला लागतं." थोडा वेळ कपड्यांच्या घड्या करत राहिली आणि मग म्हणाली, "पण दुकान माझं चाललंय बरं. घर अडणार नाही."

जे-उक अपक्ष उभा राहिला. ती निवडणूक दाल्पोतले लोक अजून सांगून हसतात. गाणी वाजवणाऱ्या ट्रकवर तो उभा केला की असा दिसायचा, जणू त्याला अटक करून नेताहेत. बाजारात हात मिळवताना त्याला चेहरे लक्षात राहायचे नाहीत, एका मासेवाल्याशी त्यानं एकाच सकाळी तीनदा हात मिळवला, तेव्हा मासेवाला म्हणाला, "साहेब, माझं मत एकच आहे हो." एक गोष्ट तेवढी त्याच्या बाजूनं होती. त्यांच्या भाषेत मताला प्यो म्हणतात आणि याचं आडनावही प्यो. ते हेरलं बुन-ओक मावशीनं. डोक्याला रुमाल बांधून बाजारातल्या दहा-बारा म्हाताऱ्या रस्त्याच्या कडेला रांगेत उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "प्योला प्यो द्या!" लोक हसायचे, गाड्या भोंगे वाजवायच्या. पण विरोधकांनी त्याला 'लाल वकील' नाव दिलं, हेरांची वकिली करणारा. तसल्या किनाऱ्यावर, जिथून सीमा डोंगरापलीकडंच आहे, तो शब्द पुरेसा होता. तो सपाटून पडला.

म्हाताऱ्या मात्र वैतागल्या नाहीत. मावशीचं म्हणणं असं, की पहिल्या वर्षी आंबवलेला मासा बिघडतो तो मीठ कमी पडल्यामुळं. दुसऱ्या वर्षी हात बसतो. चार वर्षं जे-उक मतदारसंघातलं गाव न् गाव फिरला. मतं मागायला नाही; लोकांची कोर्टाची कामं होती, ती करत फिरला. हळूहळू त्याला चेहरे लक्षात राहायला लागले, मग नावं, मग कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नि कुणाची सून परदेशातून आली तेही. यन-जु म्हणायची, "माझा वाढदिवस तेवढा लक्षात राहिला की झालं."

पुढच्या खेपेला एका पक्षानं त्याला तिकीट दिलं आणि तो निवडून आला. दोन-तीन बसगाड्यांत मावतील इतक्याच मतांनी, पण आला. कोटाला संसदेचं इवलंसं सोनेरी चिन्ह लागलं. मावशीनं ते जवळून पाहिलं, नखानं खरवडलं आणि म्हणाली, "मुलामा आहे."

"तसंच असतं ते, मावशी."

"असू दे. जपून लावा. पडलं तर आमचीच अब्रू जाईल."

संसदेत गेल्यावर जे-उकला कळलं, की तिथं कायदा करणं हे बोटीवरून धावत उतरण्यासारखं आहे: फळी कधी असते, कधी नसते. त्याचा मसुदा साधा होता. धुक्यात वाहून गेलेल्या आणि परत आल्यावर हेर ठरवलेल्या सगळ्या खलाशांचे खटले सरकारनंच पुन्हा उघडावेत. नातेवाईक असो वा नसो. मसुदा समितीत गेला नि तिथं बसला. समितीचा अध्यक्ष होता दो ब्यंग-सिक, समोरच्या पक्षाचा, निवृत्त लष्करी अधिकारी. सत्तरीचा, पाठ ताठ, बोलणं तुटक. त्यानं जे-उकला सांगितलं, की त्याच धुक्यात गस्त घालताना माझ्या ओळखीची पोरं बुडाली आहेत. त्यांच्या आया कुणाच्या दारात जातील? तो पुन्हा पुन्हा गेला आणि दर खेपेला मसुदा पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. संसदेची मुदत संपली की रखडलेले मसुदे आपोआप मरतात. मुदत संपत आली होती.

हे कळल्यावर मावशी चार बायकांना घेऊन बसनं सोलला आली. जे-उकला न सांगता. समितीच्या दालनाबाहेर भिंतीला टेकून पाचही जणी ओळीनं बसल्या. जे-उक धावत आला तेव्हा दो ब्यंग-सिक नेमका बाहेर पडत होता. बायका उठल्या. मावशीनं त्याला नमस्कार केला आणि आपल्या उत्तरेकडच्या हेलात विचारलं, "साहेब, तुम्ही आमच्याकडचे का? टीव्हीवर बोलताना मला तसं वाटलं."

म्हातारा थांबला. सोलमध्ये इतकी वर्षं काढून त्याचा हेल पार घासून गेला होता. कुणाला ओळखू येत नसे. "आई तिकडचीच, होंगवनची," तो म्हणाला.

"मग लेप आंबवत असेल."

"हो. ती गेल्यापासून नाही खाल्ला."

मावशीनं पिशवीतून बरणी काढली. त्यानं हात मागे घेतला. म्हणाला, "घेता येत नाही, मावशी. कायदा आहे, खासदारानं काही घ्यायचं नाही."

"बरं झालं, एखादा तरी कायदा पाळता," मावशी म्हणाली. "मग झाकण उघडते, वास तरी घ्या. वासाला बंदी नसेल."

पण म्हातारा खरंच वाकला, आणि बरणीवर बराच वेळ तसाच राहिला. मग भिंतीलगतच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "तुमच्या माणसाचं काय झालं ते सांगा." मावशीनं सांगितलं. रडून नाही, ओरडून नाही. धुकं, दोर, धक्का, खाणावळ, थडगं. बाकीच्या चौघींनी आपापलं सांगितलं. शेवटी उठला, पाचही जणींना नमस्कार केला आणि गेला.

काही दिवसांनी त्यानं जे-उकला आपल्या खोलीत बोलावलं. मसुद्याच्या पहिल्याच ओळीत 'सरकारनं केलेला गुन्हा' असे शब्द होते. "हे काढा," दो म्हणाला. "त्या जागी लिहा, 'सरकार ज्यांचं रक्षण करू शकलं नाही असे'. म्हणजे माझी बुडालेली पोरंही त्यात येतात आणि तुमचे खलाशीही. मग मी हात वर करतो. माझ्या लोकांनाही करायला लावतो."

जे-उकच्या पक्षातले तरुण भडकले. गुन्ह्याला गुन्हाच म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. जे-उकलाही तो शब्द सोडवेना. त्या एका शब्दासाठीच तर आपण इथवर आलो, असं त्याला वाटत होतं. त्यानं मावशीला फोन लावला आणि दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. मावशीनं नीट ऐकून घेतलं.

"शब्द मऊ झाला तर माणसं कमी सुटतील का?" तिनं विचारलं.

"नाही. माणसं तेवढीच सुटतील."

"मग सुटू द्या. कडक शब्द आम्ही घरी बसून म्हणू. तुम्ही वकील लोक ना, माणूस बुडत असला तरी दोर कुठल्या रंगाचा ते बघत बसता."

अखेरच्या अधिवेशनात मतदान झालं. वरच्या मोठ्या फलकावर नावांपुढं एकेक हिरवा दिवा लागत गेला, पाऊस सुरू होताना थेंब पडावेत तसे, आधी इथं-तिथं नि मग सगळीकडे. सज्जात बसलेल्या म्हाताऱ्यांना टाळ्या वाजवायची मनाई होती. त्यांनी एकमेकींचे हात धरून ठेवले, इतके घट्ट, की एकीच्या बोटातली अंगठी रुतली. दो ब्यंग-सिकचा दिवा हिरवा होता. खाली जाताना जे-उकनं त्याला गाठलं आणि कमरेतून वाकला. दो म्हणाला, "पुरे, पुरे. तुमच्या मावशीला सांगा, वासावर दिवस काढले मी."

त्यानंतर काही महिन्यांनी, खटले एकामागून एक उघडू लागले असतानाच, निवडणूक आली आणि जे-उक पडला.

कारण अगदी सरळ होतं. डोंगरातून बोगदा काढून सोलचा रस्ता अर्ध्या वेळेवर आणायचा, असं दाल्पोत बरीच वर्षं चाललं होतं. शेजारच्या मतदारसंघाला बोगदा मिळाला. समोरचा उमेदवार म्हणाला, आपल्या खासदारानं मेलेल्यांची कामं केली, मी जिवंतांची करीन. लोकांना ते पटलं. खरं तर जे-उकलाही अर्धं पटलं. बोगद्यासाठी त्यानं खेटे कमी घातले होते हे तो जाणून होता. त्याचा जीव दुसरीकडे गुंतला होता.

त्यांच्याकडे रिवाज आहे: जिंकलेला उमेदवार आभार मानायला चौकात उभा राहतो, तसा पडलेलाही राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जे-उक गळ्यात पट्टा घालून बंदराच्या चौकात गेला. पट्ट्यावर लिहिलं होतं, 'मनःपूर्वक आभारी आहे.' यन-जुनं दुकानाला कुलूप लावलं आणि ती शेजारी येऊन उभी राहिली. वसंत होता, डोंगरावरून सुटणाऱ्या वाऱ्यानं चेरीच्या पाकळ्या रस्त्यावर लोळत होत्या. गाड्या आल्या की दोघं वाकायची, सिग्नल बदलला की दुसऱ्या दिशेला वळून वाकायची.

सुरुवातीला जे-उकला ते जडच गेलं. पडलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायला कुणालाच नको असतं. काही गाड्यांच्या काचा वरच राहिल्या. एक मासेवाली थांबली आणि चिडून म्हणाली, "मी मत दिलं होतं हो तुम्हाला. आता काय तोंड घेऊन बाजारात जाऊ?" तिला त्यानं अधिक वाकून नमस्कार केला. ती आणखी चिडली नि डोळे पुसत गेली. जिंकलेल्याचा ट्रक गाणी वाजवत आला. त्याला पाहून गाणं बंद झालं आणि नवा खासदार खाली उतरला. दोघांनी हात मिळवले. "बोगदा नक्की काढा," जे-उक म्हणाला, आणि स्वतःच चकित झाला, कारण ते त्याच्या मनातून आलं होतं.

मग एक टॅक्सी कडेला लागली. चालक उतरला. पन्नाशीचा, दाढी वाढलेला. जे-उकला त्याचं नाव आठवलं: नाम गी-सक, नाक्यावरच्या स्टँडवरचा, आजवर तोंडावर सांगणारा, की तुम्हाला मत देणार नाही.

"यंदाही दिलं नाही," गी-सक म्हणाला. "बोगदा झाला तर माझ्या पोटाला बरं."

"ठाऊक आहे. काही हरकत नाही."

"माझा थोरला काका होता बोटीवर." गी-सक रस्त्याकडे बघत बोलत होता. "त्याला बायको नाही, पोर नाही. आमच्या घरात त्याचं नाव काढत नव्हते. गेल्या महिन्यात कोर्टाकडून वडलांना फोन आला. म्हणाले, सरकारनं खटला परत उघडलाय, तुम्ही अर्ज करायची गरज नाही. वडील नव्वदीचे आहेत. त्या दिवशी त्यांनी काकाचा फोटो काढून भिंतीला लावला." "मत दिलं नाही, ते नाही दिलं. पण हे सांगायला हवं होतं."

आणि त्या टॅक्सीवाल्यानं रस्त्याच्या कडेला, गाडीचं दार उघडंच ठेवून, कमरेतून वाकून नमस्कार केला. जे-उक वाकला. दोघं एकदमच सरळ व्हायला गेले आणि डोकी आपटता आपटता वाचली. यन-जुला हसू आलं. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले, गी-सकनं त्यांना दोन शिव्या हासडल्या आणि निघून गेला.

त्यानंतर नमस्कार जड गेला नाही. सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक काचेआड जे-उकला ओळखीचं कुणीतरी दिसू लागलं. या लोकांनी त्याला, दोन माणसांपुढं गाणं म्हणू न शकणाऱ्या माणसाला, एकदा उचलून तिकडे पाठवलं होतं. ज्या कामासाठी जन्म घालवावा असं काम दिलं, आणि ते तडीला जाईपर्यंत वेळही दिला. आणखी चार वर्षं दिली नाहीत, म्हणून काय झालं? किती जणांना एकदा तरी मिळतं? वाकलेलं असताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि वाकण्याची सोय अशी, की ते कुणाला दिसत नव्हतं.

दुपारी बुन-ओक मावशी आली. आता ती हाताशी ढकलगाडी धरून चालायची. गाडी फुटपाथला लावली, त्याच्या बाजूला उभी राहिली आणि रस्त्याकडे तोंड करून वाकली.

"मावशी, तुम्ही कशाला? पडलो मी आहे."

"तुम्हाला उभं मी केलं होतं," ती म्हणाली. "आणि इतकं खाली वाकू नका. मतं मागताना इतके वाकला असतात तर निवडून आला असतात."

मग तिघं मिळून वाकू लागली. थोड्या वेळानं बाजारातल्या आणखी म्हाताऱ्या आल्या, डोंगराच्या वाटेवरून सुक-जाही आली, तिच्या हाताला अजून पीठ होतं. बसचा ड्रायव्हर मान लववून गेला. कुणीतरी आतून ओरडलं, "प्योला प्यो!" आणि बसभर हशा झाला. म्हाताऱ्यांनी हात हलवले. मावशी जे-उकला हळूच म्हणाली, "मी त्यांना रोज सांगते हं, टेकडीवर जाऊन. की आज अमक्याचं नाव सुटलं, काल तमक्याचं. तेही कंटाळले असतील ऐकून." त्यानं तिचा हात हातात घेतला, खारानं नि तिखटानं चिरलेला, खरबरीत हात. आभार मानायला तो दिवसभर उभा होता, पण तिला म्हणायचे शब्द त्याला तेव्हाही सापडले नाहीत. मावशीनंच हात सोडवून घेतला, म्हणाली, गाड्या आल्या, बघा पुढं.

संध्याकाळी यन-जुनं दुकान उघडलं, ते फक्त त्याच्यासाठी. काउंटरमागं त्याला पालथं पाडलं, सदरा वर केला आणि कमरेवर औषधाच्या पट्ट्या चिकटवल्या. "अहो, आता पुढं काय करायचं?" तिनं विचारलं. जाळ्यांच्या दुकानावरची खोली अजून रिकामी आहे, हे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं, तेही सांगितलं.

"ते बघू," तो हातांच्या उशीत तोंड घालून म्हणाला. "उद्या डोंगराकडच्या नाक्यावर उभं राहू. तिकडचे लोक राहिलेत."

यन-जुनं आणखी एक पट्टी काढली आणि ती जास्तच जोरात दाबून लावली.